सात नंबरचे झाड

जुन्या काळी राजांच्या पदरी अन्न चाखून पाहणारे सेवक असत. जेवणात विष असले तर आधी ते मरत; पण आपल्याला कशासाठी नेमले आहे, याची त्यांना निदान कल्पना असे. मैनाबाई बेनकरांना ती नव्हती. धायरीतल्या एका अकरा मजली इमारतीत, सहाव्या मजल्यावर, त्या स्वयंपाकाला लागल्या तेव्हा पोळ्या, भाजी आणि आमटी एवढ्याचाच उल्लेख झाला होता.

घर विश्वजीत आणि पूर्णिमा यांचे. विश्वजीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आर्किटेक्ट होता; त्याने आयुष्यात एक भिंतही बांधलेली नव्हती, पण पदनामांना पुरावा लागत नाही. २०१३ साली त्याने मिरच्या लावायला सुरुवात केली. लवंगी नव्हे, ब्याडगी नव्हे. ज्यांना भुताची किंवा विंचवाची नावे दिली जातात, अशा जातींचे बी तो परदेशातून टपालाने मागवी. बाल्कनीत जांभळे दिवे लागले, नारळाच्या भुशाच्या कुंड्या आल्या, प्रत्येक झाडाला नंबर मिळाला. दोन जातींचा संकर करून स्वतःच्या नावाची तिसरी जात काढायची, हे त्याचे ध्येय होते. अडचण एकच. संकराच्या प्रत्येक झाडाचे फळ चाखून नोंद ठेवावी लागते, आणि विश्वजीतला आम्लपित्ताचा विकार होता. पहिल्या चाखणीनंतर तो दीड तास बाथरूमच्या फरशीवर बसून होता.

"फरशी गार आहे ना? मग अंथरूणच आणून देते," पूर्णिमा दाराबाहेरून म्हणाली.

ओट्यावर उरलेला अर्धा तुकडा मैनाबाईंनी सहज जिभेला लावला. त्यांना दरदरून घाम फुटला, नाक वाहू लागले. पण त्या बोलल्या ते शांतपणे.

"आदी पिकल्या पेरूचा वास येतोय. मग जरा वेळ काय न्हाई. मग कानाच्या मुळाशी धरतंय. आन् आता घशात उतरतंय, पर छातीत न्हाई जात. जात चांगली हाय, दादा, पर तुमी कच्ची तोडली."

विश्वजीत बाथरूममधून बाहेर आला आणि आधी पाण्याऐवजी वही शोधू लागला.

यात चमत्कार काही नव्हता. शहराने धायरी गिळली तरी गावकी त्याला पचली नव्हती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सातशे माणसांच्या मटणाचा रस्सा चढे. शिजवत पुरुष, पण त्याचे तिखटमीठ एकाच जिभेने ठरवायचे आणि पंगत बसेपर्यंत दुसऱ्या कोणी थेंबही चाखायचा नाही, असा रिवाज होता. "धा जिभा, धा रस्से," असे गावचे कारभारी सर्जेराव म्हणत. ही जीभ आधी मैनाबाईंच्या सासूची. सासू गेल्यावर तो मान सुनेकडे आला. दिराने जमीन विकली त्या वर्षी विधवा मैनाबाईंच्या वाट्याला काही आले नाही. जीभ राहिली, कारण तिचा सातबारा नव्हता.

आठवड्यातून तीन सकाळी चाखणी होऊ लागली. विश्वजीत फोनवर वेळ लावी, मैनाबाई तुकडा चावून सांगत, तो ते इंग्रजीत उतरवी आणि जगभरच्या मिरचीवेड्यांच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने टाकी. तिथे एका ऑस्ट्रेलियन गृहस्थाने आदराने विचारले, की आपल्या टेस्टिंग पॅनेलमध्ये किती जण आहेत. पॅनेल लहान असले तरी प्रशिक्षित आहे, असे त्याने उत्तर दिले. पॅनेल त्या वेळी कणीक मळत होते.

"याचं वेगळं काही देतोस का तिला?" पूर्णिमाने एकदा विचारले.

"दहीभात देतो ना नंतर. आणि शी एन्जॉइज इट, यार. शी हॅज अ गिफ्ट."

"छान. यंदा अप्रेझलला तुलाही दहीभात मिळो."

तो हसला. पूर्णिमाही हसली. तिचा उपरोध त्या घरातल्या पंख्यासारखा होता. वारा सुटे, तापमान बदलत नसे.

दुसऱ्या हंगामात झाडे तेवीस झाली. मैनाबाईंच्या जिभेची साले निघत. त्या तूप लावून झोपत आणि कुणाला सांगत नसत. कामाची बाई आजारी असते तेव्हा ती बदलली जाते, हे त्यांना कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाइतके ठाऊक होते. नोव्हेंबरात तिखटपणाला दहापैकी आठ आणि नऊ सांगणाऱ्या मैनाबाई जानेवारीत पाच सांगू लागल्या. खालच्या मजल्यावरच्या वृद्ध जोडप्याने भाजी जळजळीत होते म्हणून त्यांचे काम बंद केले. वय झाले की पोट नाजूक होते, असे मैनाबाईंनी स्वतःला समजावले. मग सात नंबरच्या झाडाची पाळी आली. विश्वजीतची सारी आशा त्या झाडावर होती.

"वन टू टेन, मावशी?"

"काय न्हाई, दादा."

"काय नाही म्हणजे?"

"ढोबळी बरी हिच्यापरीस."

त्याने मोठा तुकडा दिला, मग अख्खी मिरची. मैनाबाईंनी ती काकडीसारखी खाल्ली. वजनकाटा रोज भार टाकून वाकतो, हे कोणताही वाणी जाणतो; म्हणून तो अधूनमधून ताडून घेतो. इथे ताडून घ्यायचे तर स्वतःची जीभ पुढे करावी लागली असती. विश्वजीतने वहीत 'माइल्ड' असे लिहिले, खाली दोन रेघा मारल्या आणि त्या झाडाची लालभडक टोपली त्यांच्यापुढे सरकवली.

"घेऊन जा घरी. उगाच फेकून द्यायच्या."

अन्न टाकवत नाही अशा पिढीच्या त्या होत्या. त्यांनी मिरच्या पत्र्यावर वाळवल्या आणि कुटल्या. शेजारणी खोकल्या, मसाला कुटताना शेजारणी खोकतातच.

जत्रा चैत्रात आली. सहा पातेली चुलाणांवर चढली. मैनाबाईंनी नेहमीप्रमाणे पळीतला रस्सा तळहातावर घेऊन जिभेला लावला.

"मिळमिळीत हाय."

आचाऱ्याने तिखट घातले. त्यांनी पुन्हा पाहिले. पुन्हा तेच.

"मग घाला की, वयनी," सर्जेराव म्हणाले. "दवाखान्याचं सूप केलंय म्हणून पाव्हणे नावं ठिवतील."

गावाचे तिखट संपले तेव्हा मैनाबाईंनी घरून सात नंबरची भुकटी आणवली आणि सहाही पातेल्यांत वाटून घातली. वाफेने माणसे मागे सरली. "हां, आता आली चव," डोळे पुशीत सर्जेराव म्हणाले. कोणी चाखले नाही. रिवाज होता.

पहिली पंगत मुलांची असते.

आधी एकच मूल रडले आणि त्याची आई त्याच्यावर ओरडली. मग सगळी पंगत उठली. मुले तोंडात माती घालत होती, शर्टाने जिभा पुसत होती, त्याच हातांनी डोळे चोळत होती. मैनाबाईंच्या दिराची चार वर्षांची नात ओकता ओकता निळी पडली. कोणीतरी म्हणाले, रस्श्यात काही कालवलंय. सगळे मैनाबाईंकडे वळले.

"आरं, काय बी न्हाई त्यात," त्या म्हणाल्या. "मी चाखलाय." आणि विश्वास पटावा म्हणून त्यांनी वाटी भरून घेतली आणि सर्वांसमोर पाण्यासारखी पिऊन दाखवली. वाटी खाली ठेवून त्यांनी वर पाहिले. सर्जेरावांनी तेवढ्यात पळीतला एक थेंब जिभेला लावला होता आणि ते दोन्ही हातांनी गळा धरून खाली बसत होते. मैनाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच स्वतःच्या जिभेला बोट लावून पाहिले.

अकरा मुले दवाखान्यात गेली. दहा संध्याकाळी परतली. दिराची नात बाराव्या दिवशी आली. तिचा आवाज आला नाही. पोलिसांनी जबाब घेतला, विष सापडले नाही, प्रकरण मिटले. सर्जेराव चारचौघांत एवढेच म्हणाले, "वयनी, फुडल्या सालापास्नं तुमी निस्त्या जेवायला या." दिराच्या घरून तेवढेही आमंत्रण आले नाही.

पूर्णिमाकडून हे ऐकल्यावर विश्वजीतने काडीच्या टोकाने सात नंबरची मिरची जिभेला लावली. या वेळी तो तीन तास फरशीवर होता, आणि तिथूनच पूर्णिमाला हाका मारून सांगत होता, की ही त्याने आजवर लावलेली सर्वांत तिखट मिरची आहे. नंतर त्याने एक शोधनिबंध वाचला, त्यात रोजच्या तिखटाने बधिर होणाऱ्या मज्जातंतूंचा खुलासा सापडला, आणि त्याने नोव्हेंबरनंतरच्या सर्व नोंदी रद्द केल्या. संकेतस्थळावर त्याने लिहिले, की पॅनेलमध्ये बदल करीत आहे.

बदल म्हणजे मैनाबाईंच्या जागी स्वयंपाकाला ठेवलेली, वाशीमहून आलेली शालू. मैनाबाईंना त्याने एका सकाळी बोलावले.

"वाईट झालं, मावशी. पण तुमची मेथड ग्रेट होती. कानामागे, घशात, ते सगळं हिला शिकवा ना. एकच दिवस."

"शिकवते," मैनाबाई म्हणाल्या. "तुमी भाईर थांबा. बाईमाणसाला लाज वाटंल तोंड वाकडं करायला."

परंपरा फुकट पाळता येत असेल तर विश्वजीत ती पाळत असे. तो फोन घेऊन हॉलमध्ये गेला. शालूने बशीतला तुकडा उचलला. मैनाबाईंनी तिच्या हातातून तो काढून घेतला, स्वतःच्या तोंडात टाकला आणि चावू लागल्या.

"डोळ्यांस्नी पाणी लाव नळाचं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "नाक पूस. मग भाईर जाऊन सांग, आदी आंब्याचा वास आला, मग टाळूला धरलं. आठ म्हण. उद्या दुसरं कायतरी म्हण. नऊच्या वर जाऊ नको, दोनदा खायला लावतील. तुकडा वट्याखालच्या डब्यात टाकायचा, तोंडात न्हाई. कवाच न्हाई."

"अन् साहेबाले समजलं तं?"

"त्यांना कसं समजंल? ते खात न्हाईत."

शालू बाहेर गेली. हॉलमधून तिचा अडखळता आवाज आला, मग विश्वजीतचा, उत्साहाने भरलेला. आंबा? वॉव. कच्चा की पिकलेला?

मैनाबाईंनी तुकडा पुन्हा एकदा, अगदी सावकाश, जिभेच्या शेंड्यापासून मुळापर्यंत फिरवला आणि थांबून वाट पाहिली. मग गिळून टाकला आणि चपला घातल्या.