उशीआडचा धाकटा

मी बोलतेय, या घरातल्या सोफ्यावरची चौकोनी उशी. भाषेने मला 'ती' ठरवलं आणि तक्क्याला 'तो'. मला त्याचं काही वाटत नाही. या घरातल्या धाकट्याला मात्र वाटायचं. जन्मल्याबरोबर त्यालाही सगळ्यांनी 'ती' ठरवलं, आणि ते चुकलंय हे घराला पटवताना बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले.

शिंपिणीने मला पाठ टेकायला शिवलं होतं. पण धाकटा कामावरून आला, की बूट काढायच्या आधी मला ओढून छातीशी धरायचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर छातीवर घट्ट कापड आवळून लिफ्टच्या अंधाऱ्या बोगद्यात लटकायचं, आणि घरी ते सुटलं की आडोशाला मी. पाहुणे आले, मी. जेवायला बसला, मी. माझ्या कापसाचे गोळे झाले, पण कुणाला ना खंत ना खेद.

मग छाती सपाट करायच्या शस्त्रक्रियेचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, "तुम्हाला दोन्ही पद्धती चालतील. बारीक चिरेत व्रण कमी, पण थोडा उभार राहू शकतो, पुन्हा यावं लागेल कदाचित. लांब चिरेने सपाट होईल, पण व्रण दिसतील. निवड तुमची."

घरी येईपर्यंत ती निवड सगळ्यांची झाली.

"बारीकच घे," आई म्हणाली. "कुणाच्या लक्षात येणार नाही."

"इतकी घाई कशाला? थांब की अजून," थोरली बहीण म्हणाली. आणि सुई बघून ज्यांना घेरी येते, ते मेहुणेसुद्धा चिरांवर तासभर बोलले! धाकट्याने तोंड उघडलं, की कुणीतरी चहाचं विचारायचं. त्याची नखं माझ्यात रुतत होती. मला तोंड असतं तर ओरडले असते, अहो, छाती त्याची आहे, त्याला विचारा!

"मला लांब चीर हवीय," शेवटी तो म्हणाला. "व्रण चालतील. पुन्हा पुन्हा टेबलावर जायचं नाही."

"अरे, पण लोक काय म्हणतील?"

"आई, लोक काय माझा शर्ट काढून बघणार आहेत?"

त्याने स्वतःचंच खरं केलं. जखमा भरल्यावर तो न्हाणीघरातून उघड्या अंगाने, बेसूर शीळ घालत बाहेर आला आणि पालथा पडून झोपला. मी कोपऱ्यात लोळत होते. म्हटलं, सुटले बाई एकदाची!

कसली सुटतेय! उजव्या काखेखाली कातडीची एक घडी राहिली होती. कामावरचा सुरक्षा पट्टा नेमका तिथे घासायचा, साल निघायची. त्याने कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यातून फोन आला, "समाधानी आहात का?" समोर आई वाटाणे सोलत होती.

"हो, एकदम," तो म्हणाला. आणि हात पुन्हा माझ्याकडे.

असा संताप आला मला! समाधान म्हणजे काय शाळेचा निकाल आहे, पास नाहीतर नापास? पण 'थोडं खुपतं' म्हटलं, की आई 'बघ, मी सांगत होते' म्हणणार हे त्याला ठाऊक होतं.

एका संध्याकाळी तो शर्ट बदलत असताना आईने ती लाल जखम पाहिलीच.

"हे काय? आणि बोलला नाहीस? बघ, मी तेव्हाच—"

"पुढचं बोलू नकोस." त्याने मला बाजूला भिरकावलं. "ही घडी मला नकोय. पण ती छातीही परत नकोय. मी सुखात आहे, आई, आणि हे दुखतंय. दोन्ही खरं आहे."

आईने मला उचलून सोफ्यावर ठेवलं. "बारीक चीर घेतली असतीस तर—"

"आई!"

"बरं बाबा, बरं. फोन कर त्यांना."

त्याने तिच्यासमोरच केला. "समाधानी आहे. आणि घडी काढायचीय."

"म्हणजे हो लिहू की नाही?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"दोन्ही लिहा."

"दोन्हीला जागा नाहीये, सर."

"मग जागा करा," धाकटा म्हणाला, आणि फोन कानाला लावून तसाच उभा राहिला.

आता माझी शिवण उसवलीय, कापूस बाहेर डोकावतोय. थोरली म्हणते, फेकून द्या. खुशाल फेका. एवढंच मागणं आहे: माणसाला प्रश्न विचारलात, तर त्याचं बोलून होईपर्यंत तरी गप्प बसा.