चार नंबरचा वायसर

थोरल्याची गाडी अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, आणि त्या अकरा वर्षांत घरात एक विनोद कधी शिळा झाला नाही. कुणाच्या हातून नळाची तोटी निखळली, इस्त्रीची वायर जळली, की थोरला म्हणायचा, "आमच्या हिचा हात लागला वाटतं!" सगळे हसायचे. वहिनीही हसायची. धाकटा तर सगळ्यांच्या आधी हसायचा. गिअरबॉक्समधला जाणकार तोच, आणि जाणकार माणूस हसला की विनोदावर शिक्काच बसतो.

गाडी जुनी, लांब नाकाची, आणि त्या काळात कौतुकाची गोष्ट म्हणजे ऑटोमॅटिक. क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही, नुसतं बसायचं आणि निघायचं. थोरल्याने ती चौदा वर्षांपूर्वी घेतली, तेव्हा तिचा गिअरबॉक्स धाकट्यानेच खोलून नव्याने बांधून दिला होता. तीन वर्षं गाडी लोण्यासारखी चालली. मग एका दुपारी वहिनी एकटीच ती घेऊन गेली आणि पुलाच्या चढावर गाडीने मान टाकली. इंजिन ओरडतंय आणि चाकं जागची हलत नाहीत. धाकटा धावत गेला, तेलाची पट्टी उपसून त्याने नाकाला लावली. जळका वास. "चढावर रेस दाबून धरली असणार," तो म्हणाला. गिअरबॉक्स न खोलता, रस्त्यावर उभ्या उभ्या.

झालं. खापर फोडायला डोकं मिळालं. वहिनी तेव्हा एवढंच म्हणाली होती, की महिनाभर खालून बारीक कुरकुर येत होती आणि तिने ती दोघांना दोनदा सांगितली होती. सांगितली होती हे खरं. दोघं भाऊ तेव्हाही हसले होते.

थोरला तापट. "पुन्हा बांधायचा कशाला, पुन्हा जाळायला?" म्हणून त्याने गाडीवर ताडपत्री ओढली ती ओढलीच. एक छोटी गाडी आणली, ती तोच चालवायचा. वहिनी पुन्हा स्टिअरिंगमागे बसली नाही. तेवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काचेची उपकरणं सांभाळलेली ही बाई, जिच्या हातून एक नळी कधी तडकली नव्हती, ती नवीन वॉशिंग मशीनचं बटण दाबायलाही नवऱ्याला हाक मारू लागली. ह्याचं कुणाला काही वाटलं नाही. लोकांचं लक्ष असतं कुठे?

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी थोरल्याला स्पष्ट सांगितलं, गाडी चालवणं बंद. तेव्हा त्याला ताडपत्रीखालची गाडी आठवली. जुन्या गाड्या जमवणारा एक गृहस्थ तिच्या मागे होताच. गिअरबॉक्स तेवढा करायचा आणि गाडी त्याला देऊन टाकायची, असं थोरल्याने ठरवलं. "ठेवून करायचं काय? घरात चालवणारं आहे कोण?" हे तो वहिनीच्या देखत म्हणाला. वहिनीने त्याच्या पुढचा रिकामा कप उचलला आणि आत नेला.

अशा रीतीने सोमवारी सकाळी तो गिअरबॉक्स धाकट्याच्या गॅरेजमधल्या टेबलावर आला. गॅरेज म्हणायला धाकट्याचं, चालवायची त्याची लेक. धाकट्याचे गुडघे गेल्यापासून गाडीखाली तीच शिरायची. तिची एक पद्धत होती. टेबलावर तीन ट्रे. लाल ट्रेमध्ये फेकायचे भाग, हिरव्यात पुन्हा बसवायचे, आणि निळा भांडणाचा. ज्या भागावर बापलेकीचं एकमत होत नाही तो निळ्यात जायचा, आणि निळा रिकामा झाल्याशिवाय एक बोल्ट आवळायचा नाही.

ऑइल सील आणि पॅकिंगं न बोलता लाल ट्रेमध्ये गेली. सिलांचं रबर बिस्किटासारखं तुटत होतं. पायाखाली क्लच नसला तरी ऑटोमॅटिकच्या पोटात क्लच प्लेटा असतातच; एका ड्रममधल्या त्या प्लेटा कोळसा झाल्या होत्या, त्यांच्यामधल्या लोखंडी चकत्या तापून निळ्या पडल्या होत्या. त्याही लालमध्ये. दुसऱ्या ड्रममधल्या चकत्या साफ होत्या, त्या हिरव्यात. ब्रेकचा पट्टा लेकीने उजेडात धरून पाहिला, नखाने खरवडला आणि ठेवून घेतला. भांडण लागलं ते नव्या प्लेटांवरून. दुकानदाराने दोन नमुने पाठवले होते. एक मऊ, जुन्या चालीचा. दुसरा नव्या मसाल्याचा, कडक.

"मऊ घे," धाकटा म्हणाला. "कडक प्लेटा घातल्या की गिअर बसताना मानेला हिसका बसतो."

"पण टिकतील, बाबा."

"टिकायला काय, दगडही टिकतो."

"गाडी आहे ती, गादी नाही."

"चालवणार आहे कोण? तो गृहस्थ वर्षातून चारदा मैदानावर नेऊन उभी करणार. त्याला मऊच बरी."

लेकीने दोन्ही नमुने निळ्या ट्रेमध्ये टाकले आणि जळलेला ड्रम हातात घेतला. तो एका पोकळ दांड्यावर फिरतो आणि त्या दांड्यावरच्या रिंगा तेलाचा दाब धरून ठेवतात. रिंगांनी आपल्या खाचा शेजारून पार खाऊन टाकल्या होत्या.

"दाब सुटत होता इथून," ती म्हणाली. "म्हणून प्लेटा घसरल्या आणि जळल्या. पण रिंगा अशा आडव्या का झिजल्या? ड्रम पुढे-मागे सरकत होता, बाबा. फार सरकत होता."

ड्रमला पुढे-मागे किती मोकळीक द्यायची हे एक वायसर ठरवतो. पितळेचा, बांगडीएवढा. तो वेगवेगळ्या जाडीत मिळतो, नंबर मोठा तसा जाड, आणि मोजून जो बसेल तो घालायचा. धाकट्याच्या उस्तादाने एक शिस्त लावली होती. मोजणीत जो नंबर निघेल तो गिअरबॉक्सच्या पोटात टोच्याने कोरायचा, खाली तारीख टाकायची. पुढे खोलणाऱ्याला आयता सापडतो. धाकट्याने ती शिस्त उभ्या जन्मात मोडली नव्हती. लेकीने आत बॅटरी मारली. वाकडं शेपूट असलेला त्याचा चार आणि चौदा वर्षांपूर्वीची तारीख.

तिने निघालेला वायसर धुतला, कॅलिपरमध्ये धरला. मग दुसऱ्या जागी धरला.

"बाबा, लिहिलाय चार. आत होता दोन."

"झिजला असेल."

"एवढा? आणि नंबर छापलाय ना त्यावर. दोन."

धाकट्याने तो तिच्या हातातून घेतला, स्वतः तीनदा मोजला. तिसऱ्यांदा मोजताना त्याला सगळं लख्ख आठवलं. त्या दिवशी चार नंबर बाजारात नव्हता, मागवावा लागणार होता. थोरल्याला दुसऱ्या दिवशी सहकुटुंब बाहेरगावी जायचं होतं आणि तो सकाळपासून गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसला होता, दर अर्ध्या तासाने "झालं का रे?" करत. हाताशी दोन नंबर होता. दोन घातला. चार आला की बदलू, एका दिवसाचं तर काम. चार आला पंधरवड्याने. तोवर गाडी मस्त पळत होती, आणि चालता गिअरबॉक्स खाली कोण उतरवतो?

तो उठला, वरच्या फळीवरच्या बिस्किटांच्या जुन्या डब्याकडे त्याचा हात गेला. शोधावं लागलं नाही. तेलकट कागदाच्या पुडीत चार नंबर होता, कोरा, एक ओरखडा नसलेला. हात इतका सरळ तिथे गेला ह्याचीच धाकट्याला लाज वाटली. म्हणजे आत कुठेतरी हे त्याला ठाऊक होतं. पुलाच्या चढावर पट्टी नाकाला लावली तेव्हाही ठाऊक असणार.

"म्हणजे काकूने काहीच केलं नव्हतं," लेक म्हणाली.

"नाही."

"आणि ती कुरकुर?"

"ड्रमची."

लेकीने दोन्ही वायसर उचलून निळ्या ट्रेमध्ये ठेवले. "हे भांडण तुमचं तुम्ही मिटवा. त्याशिवाय मी बांधायला घेत नाही."

धाकट्याने दोन दिवस काढले. आधी त्याने नव्या रिंगा, नवा दांडा आणि बुश घालून नुसती जुळणी केली, डायल गेज लावून मोजणी केली. चार नंबरच निघाला. मग एका टेम्पोचं काम उगाच अंगावर घेतलं. मनाशी म्हणाला, गाडी जाणारच आहे, विषय तिच्याबरोबर जाईल. लेक जेवणाचा डबा त्याच्यापुढे आपटून ठेवत होती. बुधवारी संध्याकाळी त्याने दोन्ही वायसर खिशात टाकले आणि भावाचं घर गाठलं.

थोरला आणि वहिनी चहा घेत होते. धाकट्याने वायसर टेबलावर मांडले आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. कुठला कुठे असतो, कुठला हवा होता, कुठला घातला. थोरल्याने भिंगातून दोन्ही पाहिले.

"अरे, पण तेल जळलं होतं ना?"

"जळलं होतं, दादा. ह्याच्यामुळे. रेसचा काही संबंध नव्हता. वहिनी त्या दिवशी बसली नसती तर आठवड्याभरात गिअरबॉक्स तुझ्या हातात गेला असता."

थोरला हात झटकून म्हणाला, "बरं, जाऊ दे. जुनी गोष्ट झाली."

"जुनी कशी?" वहिनी म्हणाली. "परवा तोटी निखळली तेव्हा म्हणालात की."

तिने दोन वायसर उचलले, एकेक करून अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरले. डोळे मिटून अदलाबदल केली आणि पुन्हा धरले. "कळतो हो फरक, नुसत्या बोटांना कळतो," ती म्हणाली.

"वहिनी, चूक माझी. आणि अकरा वर्षं हसलो, तीही माझीच."

"भावोजी, चढावर रेस दाबली की नाही, हे मला त्या दिवशी पक्कं माहीत होतं," वहिनी सावकाश म्हणाली. "नव्हती दाबली. पण तुम्ही दोघं इतकं ठासून बोलत राहिलात, की वर्षभराने मलाच वाटायला लागलं, दाबली असेल. आता मला आठवतं ते दाबल्याचंच आठवतं. ते कसं दुरुस्त करणार?"

थोरला भिंगाची काच सदऱ्याला पुसत राहिला, ती स्वच्छ असूनही.

"कधी बांधून होईल?" वहिनीने विचारलं.

"शनिवारी."

"मी येते. मी चालवून बघते. मग त्या गृहस्थांना काय ते कळवू."

"अगं, लायसन्स?" थोरल्याने विचारलं.

वहिनी आत गेली आणि पाकीट घेऊन आली. लायसन्स चालू होतं. मुदत संपली तेव्हा तिने ते गुपचूप नवं करून आणलं होतं. थोरल्याने भिंग लावून तारीख वाचली आणि पाकीट परत केलं.

गुरुवारी सकाळी धाकट्याने निळ्या ट्रेमधून मऊ प्लेटा काढून बाजूला केल्या. "कडक घाल," तो म्हणाला. "काकू चालवणार आहे. रोज चढ आहे तिला." लेकीने मान हलवली आणि ट्रे फडक्याने पुसून टाकला. झिजलेला दोन नंबर वहिनीने परत दिलाच नव्हता. तिने तो घरी किल्ल्यांच्या खुंटीला, सगळ्यांना दिसेल असा अडकवून ठेवला होता.

शनिवारी चौघं निघाली. वहिनी स्टिअरिंगवर, थोरला शेजारी, बापलेक मागे. गल्लीत वहिनीने गाडी बैलगाडीच्या वेगाने नेली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिचे खांदे सैल झाले. गिअर बसताना अंगाला छोटा हिसका बसत होता, लेक बापाकडे पाहत होती आणि बाप खिडकीबाहेर. पुलाचा चढ आला. गाडी दम न टाकता वर गेली. माथ्यावर पोचल्यावर मात्र वहिनीने वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"कुरकुर येतेय," ती म्हणाली.

थोरल्याचं तोंड सवयीने उघडलं. त्याने ते मिटलं. धाकट्याला काही ऐकू आलं नव्हतं, लेकीलाही नाही. धाकट्याने दार उघडलं, मागचं गोणपाट रस्त्यावर अंथरलं आणि लेक "मी जाते" म्हणत असतानाच गुडघे धरत धरत गाडीखाली शिरला. थोरला बाहेर येऊन वाकून उभा राहिला. त्याला खालचं काही दिसत नव्हतं, तरी वाकून उभा राहिला.

"पाना दे," खालून आवाज आला. "तेरा नंबर."

लेकीने पाना सरकवला. दोन आटे आवळल्याचा आवाज आला. धाकटा बाहेर आला तेव्हा त्याची पाठ धुळीने भरली होती आणि श्वास लागला होता.

"होती कुरकुर," तो म्हणाला. "सायलेन्सरच्या पट्टीचा बोल्ट ढिला होता. मीच नुसता हाताने फिरवून ठेवला होता, मग आवळू म्हणून."

कुणी हसलं नाही. थोरल्याने त्याच्या पाठीवरची धूळ झटकली, दोघं आत बसले. वहिनीने आरशातून मागे पाहिलं.

"दारं नीट लावा," ती म्हणाली आणि उतारावर गाडी सोडली.