चिमूटभर मीठ

जपानात अंत्यविधीहून परतलेला माणूस अंगावर मीठ टाकल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मेलेलं माणूस पाठोपाठ घरात येऊ नये म्हणून. किनुए मिठाची वाटी घेऊन दारात उभी होती, पण काळ्या सुटातला तिचा नवरा शिगेओ तिच्यासमोरून सरळ आत गेला. तिच्या मनात पाल चुकचुकली. सकाळी निघताना त्यानं मृताच्या घरी द्यायचं पैशांचं पाकीटही नेलं नव्हतं.

"अहो, मेलं कोण नक्की? आणि ही होतारू कोण? 'काळे कपडे घालून ये, शेवटचं भेटू'... वाचलंय मी फोनवर."

शिगेओनं फोटो पुढे केला. काळ्या कपड्यांतली नऊ माणसं, मध्ये कॉम्प्युटर, पुढे उदबत्ती. "हा टकला म्हातारा म्हणजे होतारू. आमचा ऑनलाइन खेळ आज दुपारी कायमचा बंद झाला. त्यात अकरा वर्षं वसवलेलं गाव गेलं."

"गेमसाठी डोळे सुजवलेत? सख्खा बाप गेला तेव्हा टिपूस नव्हतं!"

"तेव्हा तुम्हा सगळ्यांना सांभाळायचं होतं. रडलो ते त्या गावात जाऊन. हा म्हातारा महिनाभर रोज विचारायचा, जेवलास का म्हणून."

किनुएचा संशय पुरता फिटला नव्हता. तिनं चिमूटभर मीठ उचललं.

"नको," तो म्हणाला. "टाकलंस तर ते गाव बाहेरच राहील."

तिनं चिमूट वाटीत सोडली आणि फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"या आजोबांना घरी जेवायला वाढणारं कुणी आहे का हो?"