एत्सिओचं लाकडी हेलिकॉप्टर

"आधी हातमोजे घाला, इंजिनिअरबाई. वैमानिक काय उघड्या हातांनी उडणारेत?"

फुल्व्हिया क्रुन्योला खरं तर भांडायलाच आली होती. "अहो एत्सिओ, सुतारखाना रिकामा करायला सांगितलं होतं ना? हे काय मांडून बसलात?"

"बसायचंय तुम्हाला," एत्सिओ ब्रोज्जिनी म्हणाला आणि त्यानं तिच्या हातात हेल्मेट दिलं.

इटलीतल्या वारेझेजवळच्या त्या कारखान्यात एत्सिओ एकतीस वर्षं लाकडाची लढाऊ हेलिकॉप्टरं घडवत होता. खरं यंत्र बनण्याआधी त्याचा तेवढ्याच मापाचा लाकडी सांगाडा उभा राही. माणूस आत मावतो का, हात कुठवर पोचतो, ते त्यात कळे. रणगाडे टिपणारं पहिलं, नाकाखाली तोफ आलेलं दुसरं, चाराऐवजी पाच पात्यांचं तिसरं, सगळी आधी त्याच्या रंध्याखालून गेली होती. चौथं मात्र संगणकावरच तयार झालं. लाकडाची गरज उरली नाही, सुताराचीही नाही. तरी उरल्यासुरल्या प्लायवूडमधून त्यानं नव्या आराखड्याबरहुकूम मागची बैठक उभी केली होती.

फुल्व्हिया आत बसली. एत्सिओनं पट्टे आवळले.

"कोसळलंय. धूर भरलाय. या बाहेर."

तिनं दाराच्या दांड्याकडे हात नेला. नव्या संगणकी पडद्याच्या चौकटीत कोपर अडकलं. हात वाकवून पाहिला. तिसऱ्या खेपेला बोटं दांड्याला लागली, पण जाड मोज्यातून पकड बसेना.

आराखड्यात तो पडदा तिनंच तिथं बसवला होता. एत्सिओ हसला नाही. त्यानं पट्टे सोडवले.

"मापाची टेप द्या जरा," ती म्हणाली.

दांडा चार बोटं पुढे सरकला. आराखडा बदलला. "अहवालात तुमचं नाव घातलंय," तिनं येऊन सांगितलं.

"पुढे सुतार लिहिलंय ना? मग झालं."

सुतारखाना मात्र वाचला नाही. शेवटच्या शुक्रवारी दोन कामगार कुऱ्हाडी घेऊन आले. एत्सिओनं त्यांना कॉफी प्यायला पिटाळलं, स्टूल ओढलं आणि स्वतःच सांगाडा सोडवायला घेतला.

थोड्या वेळानं फुल्व्हिया आली. कोट खुंटीला अडकवून तिनं दुसरा स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि पलीकडच्या बाजूला मांडी घातली.

"कुठून सुरू करू?"

"वरून. आणि सावकाश, बाई. स्क्रू अजून चांगले आहेत."

त्यानं रिकामा डबा दोघांच्या मधे सरकवला.