मोरपंखी चिठ्ठी

बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी भावाने मला त्यांची शेवटची चिठ्ठी दाखवली. "माझ्या आजाराचं ताईला कळवू नका," एवढंच. शाई मोरपंखी होती, आणि त्या रंगाची बाटली बाबांनी कधी घरात आणली नव्हती. अक्षरावरून काही ठरत नव्हतं. बाबा शाळामास्तर, आम्हा दोघांचं अक्षर त्यांनीच घोटून घेतलेलं, तिघांचं एकसारखं.

"ही तू लिहिलीस," मी म्हणाले.

"हो, आणि सहीसुद्धा मीच ठोकली! काहीतरीच काय गं, ताई?"

"मग हा रंग कुठून आला?"

त्याने बाबांच्या टेबलाचा खण उघडला. आत दोनच बाटल्या होत्या: रोजच्या लिहिण्याची निळी आणि पेपर फेरतपासायची हिरवी.

"मास्तर शाई बदलताना पेन कधी धुवायचे का? आई सांगून सांगून थकली."

मी त्यांच्या पेनात थोडी निळी भरली आणि न धुता तिच्यावर हिरवी ओढली. कोऱ्या कागदावर "ताईला" लिहिलं. ओलं असताना ते फारच गडद दिसलं, म्हणून वाळेपर्यंत थांबले. मग दोन्ही कागद खिडकीपाशी नेऊन शेजारी शेजारी धरले. रंगात तसूभरही फरक नव्हता.

"पटलं?" भावाने विचारलं.

"पटलं."

तो चहा टाकायला आत गेला. मी चिठ्ठी पुन्हा वाचली. घटकाभरापूर्वीपर्यंत ते वाक्य भावाचं होतं, आणि भावाशी मला भांडता येत होतं.