इरकलीवरची टिकटिक

माझ्या बायकोची, श्यामलेची हिरवी इरकल कपाटात पडून होती. "ही भाग्याला द्या," असं ती जाण्याआधी म्हणाली होती. भाग्यलक्ष्मी ही तिची धाकटी बहीण, सप्तापूरला राहते. पण ती साडी न्यायला तयार नव्हती.

श्यामलेला थायरॉईडचा कॅन्सर होता. किरणोत्सर्गी औषध दिलं तेव्हा डॉक्टरांनी काही दिवस तिच्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. ते सगळ्यांच्या डोक्यात बसलं. औषध कधीच विरून गेलं, तरी तिच्या वस्तूंना कुणी हात लावेना.

साडीत काही नाही हे सांगून दमलो तेव्हा किरण मोजायचं यंत्रच करायचं ठरवलं. टेलिफोन खात्यात होतो, तारा जोडायची सवय आहे. डास मारायची बॅट फोडून तिचं सर्किट घेतलं, किरण ओळखणाऱ्या नळीला झेपेल इतका विजेचा दाब कमी केला. स्पीकर श्यामलेच्या रेडिओचा. नळी तेवढी मागवावी लागली. ती बाहेर ठेवून बाकी सगळं एका पोह्याच्या डब्यात बसवलं.

भाग्याला बोलावलं आणि डबा साडीजवळ नेला. टिक. जरा थांबून, टिक टिक.

"अय्य! वाजलं की!" ती खुर्चीसकट मागं सरकली.

"थांब गं." मी साडी लांब ठेवली. नुसत्या टेबलावरही तसंच वाजलं. "हे सगळीकडेच असतं. जमिनीतून येतं, आभाळातून येतं."

"डबाच बिघडलाय, भावजी. काही ठेवा, तेवढंच वाजतंय."

मलाही शंका आली. डबा घेऊन घरभर फिरलो. स्वयंपाकघरात ग्रॅनाइटच्या कट्ट्यावर ठेवला आणि टिकटिक वाढली.

"बघ, चालतोय. या दगडात मुळातच थोडं असतं. त्यानं काही होत नाही."

"म्हणजे अक्काच्या साडीपेक्षा कट्ट्यातच जास्त? आणि या कट्ट्यावरच्या भाकरी मी जन्मभर खाल्ल्या!" ती हसली. मग साडी उचलून पदर नाकाशी नेला आणि रडायला लागली. "अक्काचा वास आहे अजून."

तो मला माहीत होता. मी रोज कपाट उघडत होतो.

"नेऊ ना, भावजी?"

"ने. तिनं सांगितलंय."

तिची रिक्षा गेली. डबा कट्ट्यावर वाजतच होता. बंद करायला गेलो. पोळपाटापाशी, श्यामला उभी राहायची तिथं, जरा थांबलो. सेल संपेपर्यंत वाजू दे म्हटलं.