टेबलाखालचा ळ

मित्रांनो, मी छापायच्या लाकडी अक्षरांचा एक जुना संच आहे. उंच, जाड, अंग चोरून उभा राहणारा, आणि प्रत्येक अक्षराच्या टोकाला बारीकशी टाच. भिंतीवरच्या जाहिरातीत ‘आज शेवटचा खेळ!’ असं ओरडणारा मीच. लोक म्हणायचे, काय रुबाब आहे! खरं सांगू? मी जन्माचा भित्रा.

एका सुताराने मला कठीण लाकडात उलटं कोरलं. नेहमीची अक्षरं त्याने चार-चार केली, ळ मात्र एकच. छापखान्यात आलो आणि पहिल्याच दिवशी माझी पाचावर धारण बसली. कोपऱ्यात पुस्तकं चिकटवायचा सरस शिजवायची चूल होती. एखादं अक्षर हरवलं की संच बाद, आणि बाद संच चुलीत. असे दोन संच माझ्या डोळ्यांदेखत जळाले.

मला जुळवणारे काका मात्र जिवापाड जपायचे. काम संपलं की रॉकेलच्या फडक्याने पुसून प्रत्येकाला आपापल्या खणात ठेवायचे. पण एकदा सर्कशीची जाहिरात घाईची होती आणि कागद ठेवायचं टेबल डुगडुगत होतं. काकांनी हातात होता तो ळ आखूड पायाखाली सरकवला. नंतर काढू म्हणाले, आणि साफ विसरले.

पुढच्याच आठवड्यात नवी यंत्रं आली, मला पुन्हा कुणी जुळवलंच नाही. मी खणात धूळ खात पडलो. माझा ळ तिकडे अंधारात टेबलाचा भार सोसत होता. दर वेळी चूल पेटली की मी अंग आणखी चोरायचो.

एक दिवस मालकांच्या सूनबाई छापखाना आवरून जुनं सामान विकायला आल्या. त्यांनी मला नीट लावून पाहिलं. ळ नाही म्हटल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “काका, अपुरा संच कोण घेणार? चुलीला तरी होईल.” काकांनी सगळे खण उपसले. मी ओरडलो असतो हो, पण शाई लागल्याशिवाय मला आवाज नाही. सूनबाई मला पोत्यात भरू लागल्या.

काका थकून टेबलाला टेकले, आणि तसेच थांबले.

“हे टेबल तर डुगडुगायचं,” ते म्हणाले. “आता हलत का नाही? सूनबाई, जरा उचला बरं.”

ळ निघाला. एक टाच चेपलेली, अंगावर खोल खड्डा. काकांनी तो फडक्याने पुसला आणि कितीतरी वेळ हातातच धरून ठेवला. “मीच ठेवला होता,” एवढंच म्हणाले. मग त्यांनी एक कागद छापला. ‘खेळ’ उमटला, ळ एका टाचेचा. सूनबाईंनी तो पाहिला आणि मला पोत्यातून काढून पुन्हा खणांत ठेवलं.

आता टेबल पुन्हा डुगडुगतं. काका त्याखाली काही म्हणजे काही ठेवू देत नाहीत. चूल पेटली की मी अजून थरथरतो. मित्रांनो, घाईत कुणाला कशाखाली सरकवलंत, तर आठवणीने बाहेर काढा. खाली दबलेल्याला हाक मारता येत नाही.